मुलाला ल्युकेमिया झाला, आता घरानं काय करायचं: पहिल्या रिपोर्टपासून शेवटच्या गोळीपर्यंत

रविवारी संध्याकाळी लॅबमधून फोन आला. "रिपोर्ट न्यायला उद्या नका येऊ, डॉक्टरांशी आजच बोला," एवढंच तिथला मुलगा म्हणाला. धाकटा तेव्हा 5 वर्षांचा होता. तीन आठवडे ताप येत-जात होता, रात्री पाय दुखतात म्हणून तो रडायचा, आणि पोटऱ्यांवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले होते. मला ते डासांचे वाटले. बोटानं दाबले तरी ते पुसट होत नव्हते, हे मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ माहीत नव्हता. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 5.8, प्लेटलेट 14,000, आणि खाली एका ओळीत 'ब्लास्ट' हा शब्द, म्हणजे ल्युकेमियाच्या, रक्ताच्या कॅन्सरच्या, कच्च्या पेशी.

आज तो चौथीत आहे. उपचार संपून दीड वर्ष झालं. त्या रविवारनंतर सल्ले देणारे पन्नास भेटले, पण कोणत्या कामाला आधी हात घालायचा हे कुणी सांगितलं नाही. म्हणून हे लिहितेय. यातलं बरंचसं 'अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया' म्हणजे एएलएलबद्दल आहे, कारण मुलांमध्ये तोच सगळ्यात जास्त दिसतो. एएमएल हा ल्युकेमियाचा दुसरा प्रकार असेल तर औषधं जास्त कडक असतात आणि वॉर्डात जास्त राहावं लागतं. तिथे खालचं वेळापत्रक लागू होणार नाही, बाकीचं होईल. आणि तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. केमोथेरपी डॉक्टर देतात, पण ताप, तारखा आणि गोळ्या या तीन गोष्टी घरच्यांच्या हातात असतात. एएलएलचा उपचार दोन ते अडीच वर्षं चालतो. प्रगत देशांत आज 10 पैकी 9 मुलं पाच वर्षांचा टप्पा पार करतात. आपल्याकडे जी मुलं मागे पडतात त्यांतली काही औषध लागू न पडल्यामुळे नाही, तर वेळेवर न पाहिलेल्या तापामुळे किंवा अर्ध्यात सोडलेल्या उपचारामुळे जातात.

पहिले दोन दिवस

'ब्लास्ट' हा शब्द किंवा ल्युकेमियाचा संशय कागदावर आला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, लहान मुलांच्या कॅन्सरचा विभाग असलेल्या रुग्णालयात जा. मुंबईत परळला टाटा मेमोरियल, केईएम आणि मुलांचं वाडिया ही तिन्ही एकमेकांच्या जवळ आहेत. शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय आहे, आणि खारघरला टाटाचंच अ‍ॅक्ट्रेक आहे. मोठ्या खासगी रुग्णालयांतही हे विभाग आहेत. दुसरं मत घ्यायचं असेल तर चाचण्या चालू असतानाच घ्या. पंधरा दिवस दवाखाने फिरण्याएवढी सवड हा आजार देत नाही.

या दोन दिवसांत एक मोठी चूक होऊ शकते. ताप आणि गाठी पाहून गल्लीतले डॉक्टर कधी कधी स्टिरॉइड सुरू करतात. स्टिरॉइडनं ल्युकेमियाच्या पेशी तात्पुरत्या मरतात, मुलाला बरं वाटतं आणि निदान झाकोळतं. बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची, तपासणी होईपर्यंत असं काही देऊ नका. आधीच दिलं असेल तर नव्या डॉक्टरांना औषधाचं नाव आणि किती दिवस दिलं ते आवर्जून सांगा.

चाचण्या कोणत्या होतील ते आधी माहीत असलं की भीती थोडी कमी होते. कमरेच्या हाडातून मॅरो काढतात. त्यावर फ्लो सायटोमेट्री करून पेशी बी प्रकारच्या आहेत की टी प्रकारच्या, ते पाहतात. गुणसूत्रांची तपासणी होते. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून मेंदूच्या आवरणात रोग गेलाय का ते बघतात. हृदयाचा टू-डी इको होतो, कारण पुढची काही औषधं हृदयावर ताण आणतात. मॅरो काढताना मुलाला झोपेचं औषध देणार का, हे आधीच विचारून घ्या.

डॉक्टर समजावून सांगतील तेव्हा दोघांनी बसा, आणि एकानं फक्त लिहून घ्या. मी एकटी गेले होते. घरी आल्यावर 'कॅन्सर' या शब्दापुढचं एक वाक्यही मला आठवत नव्हतं. विचारायचं ते इतकंच: प्रकार कोणता, धोक्याचा गट कोणता, पहिला महिना कसा असेल, ताप आल्यावर फोन कुठे करायचा, आणि एकूण खर्चाचा अंदाज लेखी मिळेल का. "बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागेल का?" हे सगळे नातेवाईक विचारतात. एएलएलच्या बहुतेक मुलांना ते लागत नाही.

आणि हे मनात पक्कं करा: तुमच्या खाण्यापिण्यामुळे, कामावर जाण्यामुळे, गरोदरपणात ग्रहण पाहिल्यामुळे हे झालेलं नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. माझ्यासमोर एका बाईंनी हळूच विचारलं होतं, "तुमच्याकडे कुणाला होतं का?" त्या प्रश्नानं मी आठवडाभर झोपले नव्हते.

फाइल

आठ-दहा कप्प्यांची एक जाड फाइल घ्या. पहिल्या कप्प्यात निदानाचे कागद, दुसऱ्यात केमोचा प्रोटोकॉल म्हणजे औषधांचं ठरलेलं वेळापत्रक, तिसऱ्यात तारखेनुसार सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट, चौथ्यात डिस्चार्ज कार्डं, शेवटी योजनेचे आणि पैशांचे कागद. प्रत्येक कागदाचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये हवा. मुलाचं आधार कार्ड नसेल तर लगेच काढा, आणि रेशन कार्डावर त्याचं नाव आहे ना ते तपासा. आमच्या कार्डावर थोरलीचं नाव होतं, धाकट्याचं घालायचं राहून गेलं होतं. त्यात चार दिवस गेले.

ताप

बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा.

केमोनंतर साधारण आठवडाभरानं पांढऱ्या पेशी खाली जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या. त्यांचा आकडा, म्हणजे एएनसी, घरीच काढता येतो: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले 100. पेशी 1,200 आणि न्यूट्रोफिल 30 टक्के, तर एएनसी 360. 500 च्या खाली असताना साधा जंतुसंसर्गही काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी ताप हे कधी कधी एकमेव लक्षण असतं, कारण पू धरायला, सूज यायला लागणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात.

पहिल्या वर्षीच्या जुलैत रात्री दहाला त्याला 99.8 होता. दिवसभर पाऊस, गाड्या उशिरा. मी पॅरासिटामॉल दिलं आणि सकाळी बघू म्हटलं. दोन वाजता पाणी मागायला तो उठला तेव्हा हाताची बोटं बर्फासारखी गार आणि कपाळ तापलेलं. 102.6. डोंबिवलीहून गाडी करून परळला पोहोचेपर्यंत चार वाजले. एएनसी 90 निघाला. अकरा दिवस वॉर्डात काढले, त्यातले पहिले दोन मी आजही आठवायचे टाळते. ती चूक माझी होती, आणि ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून खालच्या गोष्टी आजच करा.

डिजिटल थर्मामीटर दोन घ्या. ऐन वेळी एकाचा सेल संपतो. ताप काखेतच मोजा, गुदद्वारात कधीच नाही. 100.4 किंवा जास्त आला की डॉक्टरांना किंवा वॉर्डाला फोन, 101 दिसला की फोन करत करतच घराबाहेर पडायचं. तुमच्या विभागानं वेगळा आकडा दिला असेल तर तो थर्मामीटरच्या डबीवर चिकटवा. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल नाही, कारण त्यानं ताप झाकला जातो. आयब्रुफेन आणि अ‍ॅस्पिरिन तर घरातच ठेवू नका. त्यांनी रक्तस्राव वाढतो. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून गेला पाहिजे. त्यामुळे केसपेपरच्या रांगेत उभं राहू नका. खिडकीवर स्पष्ट सांगा: "केमो चालू असलेलं मूल आहे, ताप आहे, काउंट कमी आहे."

ताप नसतानाही मूल मलूल पडलं, हातपाय गार पडले, पोटात फार दुखू लागलं, धाप लागली, नाकातून रक्त दहा मिनिटं दाबूनही थांबलं नाही किंवा डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या, तरी तसंच निघायचं. स्टिरॉइड चालू असताना ताप येतही नाही, हे लक्षात ठेवा.

मुंबईच्या पावसाळ्यासाठी एक जास्तीची तयारी लागते. हिंदमाताला पाणी भरलं, कुर्ल्याला रूळ बुडाले की कल्याण-डोंबिवली, विरार-वसईकडची माणसं परळला पोहोचू शकत नाहीत. म्हणून मे महिन्यातच तुमच्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घ्या: आजार, चालू औषधं, ताप आल्यास पहिलं अँटिबायोटिक कोणतं आणि किती. मग घराजवळच्या, मुलांचा वॉर्ड असलेल्या रुग्णालयात जाऊन तिथल्या डॉक्टरांना ती दाखवून ठेवा. रात्री पाणी भरलं तर पहिला डोस तिथे घ्यायचा आणि पाऊस ओसरल्यावर पुढे जायचं. डेंग्यू, मलेरियाही याच दिवसांत असतो, तेव्हा मच्छरदाणी रोज.

आमच्या दाराच्या मागच्या खिळ्याला एक निळी पिशवी अडीच वर्षं लटकत होती. त्यात शेवटचं डिस्चार्ज कार्ड, शेवटचा सीबीसी, ती चिठ्ठी, 5,000 रुपये रोख, चार्जर, त्याचा पेला, एक चादर, एक कपड्यांचा जोड. वापरली की त्याच दिवशी पुन्हा भरायची. हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं होतं आणि एकदाही चुकल्या नाहीत.

पहिला महिना: स्टिरॉइड आणि भूक

पहिल्या टप्प्याला इंडक्शन म्हणतात, चार-पाच आठवडे. स्टिरॉइड, व्हिन्क्रिस्टिन, अ‍ॅस्परॅजिनेज, काहींना डॉनोरुबिसिन, आणि पाठीतून मेथोट्रेक्सेट. प्रत्येक औषधाची आपली तऱ्हा आहे. डॉनोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लाल होते; ते रक्त नाही. व्हिन्क्रिस्टिननं जबडा दुखतो, बद्धकोष्ठ होतं, पावलं ओढत चालतात. शौचाला पातळ करणारं औषध पहिल्याच दिवशी मागून घ्या. एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायचं औषध चालत नाही. अ‍ॅस्परॅजिनेज चालू असताना पोटात असह्य दुखलं तर वाट बघू नका, स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते.

स्टिरॉइडचं मात्र आधीच कळलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही तेव्हा नणंदेच्या लालबागच्या खोलीवर राहत होतो. पहाटे तीनला तो मला हलवून उठवायचा. "आई, वरणभात." नुसता नाही, वर तूप, बाजूला बटाट्याची काचऱ्या भाजी, आणि ती काळपट भाजलेलीच हवी. सव्वातीनला कुकरची शिट्टी व्हायची आणि चाळीतले शेजारी समजून घ्यायचे. खाऊन झालं की अर्ध्या तासात परत भूक. चेहरा फुगला, पोट पुढे आलं, आणि एरवी गोड असलेलं पोर ताट भिरकावून द्यायला लागलं. हे औषधाचं आहे, मुलाचा स्वभाव बिघडलेला नाही. ओरडू नका. मीठ कमी ठेवा, साखर तपासायला सांगतात ती तपासा. आणि चेहरा फुगला म्हणून स्टिरॉइड स्वतःहून कधीच बंद करू नका.

स्वयंपाकाचा नियम सोपा आहे: कुकरमधून ताटात. ताजं, गरम, शिजलेलं. पाणी उकळून. कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, उसाचा रस, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं बंद. केळं, मोसंबी, डाळिंब अशी सालीची फळं धुऊन, सोलून लगेच द्या, द्राक्षं नकोत. दह्याबद्दल रुग्णालयागणिक मत वेगळं आहे, तुमच्या आहारतज्ज्ञांना विचारा. दात मऊ ब्रशनं, जेवणानंतर सांगितलेल्या गुळण्या, आणि शौचानंतर कोमट पाण्यात बसवणं. तोंड आणि गुदद्वार या दोन जागांतून जंतू आत शिरतात. गुळवेल, गव्हांकुर, पपईच्या पानांचा रस घेऊन माणसं प्रेमानंच येतात. त्यांचे आभार माना आणि बाटली मुलाच्या तोंडापर्यंत जाऊ देऊ नका. केमोत यकृतावर आधीच भार असतो.

महिन्याच्या शेवटी मॅरो पुन्हा तपासतात आणि एमआरडी पाहतात, म्हणजे शिल्लक राहिलेली सूक्ष्म रोगपेशी. हा आकडा लिहून घ्या. पुढचा उपचार किती कडक लागेल ते बरंचसं त्यावर ठरतं. मॅरोत ब्लास्ट दिसत नाहीत म्हणजे आजार संपला असं धरून काही घरं इथेच थांबतात. कृपा करून थांबू नका.

रक्त आणि प्लेटलेट

प्लेटलेटची पिशवी जेमतेम 5 दिवस टिकते, त्यामुळे आधी साठवता येत नाही. माणसंच साठवावी लागतात. पहिल्याच आठवड्यात दहा-बारा जणांची यादी करा: रक्तगट, वजन, राहण्याचं ठिकाण, कोणत्या वारी मोकळे. एका दात्याकडून मशीननं काढतात त्याला एसडीपी म्हणतात; दीड-दोन तास लागतात, आधी तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली चालत नाही. मे महिन्यात आणि दिवाळीत मुंबई गावाला जाते आणि रक्तपेढ्या रिकाम्या होतात, तेव्हा त्या आठवड्यांसाठी नावं आधी पक्की करा. आमच्या दिरांनी त्यांच्या गणेशोत्सव मंडळाच्या रक्तदान शिबिराची वहीच आणली होती. तिनंच आम्हाला तारलं. ट्रान्सप्लांटची शक्यता असेल तर आई-बाप-भावंडांनी रक्त द्यावं का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पैसे आणि राहण्याची सोय

पहिल्या दिवशी रुग्णालयातल्या सामाजिक कार्यकर्त्यांना भेटा. लाजू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कॅशलेस आहे. खर्च करून मागून परतावा मिळत नाही, म्हणून उपचार सुरू होण्याआधी आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे, नोंद झाली पाहिजे. टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेणाऱ्या मुलांना मदत करणारं इम्पॅक्ट फाउंडेशन आहे. मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक न्यास, टाटा ट्रस्ट यांच्याकडे अर्ज करता येतो. त्यासाठी खर्चाचं लेखी अंदाजपत्रक आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाताशी ठेवा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, हे ठामपणे विचारा. सोनं मोडणं, गावची जमीन विकणं हे यानंतरचं. गळ्यातलं विकून झाल्यावर योजना कळली, असं सांगणाऱ्या तीन आया मला रुग्णालयाच्या बाकांवर भेटल्या.

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी 2006 पासून सेंट ज्यूड चाइल्डकेअरची केंद्रं आहेत. मूल आणि आईवडील विनामूल्य राहतात, स्वयंपाक स्वतः करतात, नाव रुग्णालयातूनच जातं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती जुन्या, भरवशाच्या. रेल्वेचा सवलतीचा फॉर्म रुग्णालयात भरून मिळतो. लोकलमध्ये कॅन्सरच्या रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. गर्दीत काउंट कमी असलेलं मूल घालू नका.

थोरली

घरात एक मूल आजारी असतं तेव्हा दुसरं गप्प होतं. आमची लेक तेव्हा 10 वर्षांची. तिच्या वहीवर महिनाभर कुणाची सही नव्हती, बाईंनी बोलावल्यावर कळलं. तिला वाटत होतं की भांडणात तिनं त्याला ढकललं, त्यातून हे झालं. तिला सगळं खरं सांगितलं, आणि बुधवारची संध्याकाळ तिच्या बाबांनी फक्त तिच्यासाठी ठेवली. भावंडांच्या लसी चुकवू नका, पण पोलिओचे थेंब द्यायला दारात ताई आल्या तर घरात केमोचं मूल आहे हे सांगा आणि डॉक्टरांना विचारून इंजेक्शनची लस घ्या. वर्गात किंवा इमारतीत कुणाला कांजिण्या आल्या आणि तुमचं मूल जवळ गेलं असेल, तर त्याच दिवशी फोन करा. अंगावर यायची वाट पाहायची नाही.

धाकट्याला मी पहिल्या दिवशी "काही टोचणार नाहीत" असं सांगितलं होतं. त्यानंतर आठ दिवस तो माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवेना. मग ठरवलं: दुखणार असेल तर दुखेल म्हणायचं, किती वेळ ते सांगायचं, आणि कोणत्या हाताला ते त्यानं ठरवायचं. आजाराचं नावही त्याला सांगितलं. केस गळण्याआधीच बारीक कापले, बाबांनीही कापले.

मेन्टेनन्स: कालनिर्णयची पानं

सात-आठ महिन्यांनी कडक केमो संपते आणि घरच्या गोळ्या सुरू होतात. मूल गुबगुबीत दिसतं, केस येतात, शाळेत जातं, आणि इथेच घर सैलावतं. रोज रात्री 6-मर्कॅप्टोप्युरिन. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ती चुकून रोज दिली तर जिवावर बेतते, म्हणून तिची डबी वेगळी, वर वार लिहिलेला. जंतुसंसर्ग टाळणारी सेप्ट्रान आठवड्यातून ठरलेल्या दिवशी. 100 पैकी 95 पेक्षा कमी डोस पोटात गेले तर आजार परतण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांत दिसलंय. डोस काउंटप्रमाणे वरखाली होतो, त्यामुळे मागच्या महिन्याच्या चिठ्ठीवर गोळ्या आणू नका. गोळी अर्धी करताना हातमोजे घाला. गरोदर बाईनं त्या हाताळू नयेत.

आम्ही स्वयंपाकघरातलं कालनिर्णय यासाठी वापरलं. रोज रात्री साडेनऊला गोळी, आणि ती गिळल्यानंतरच त्या तारखेवर लाल पेनानं फुली. आधी फुली मारून मग गोळी द्यायची नाही. मेथोट्रेक्सेटच्या गुरुवारवर निळा गोल. गावी गेलो, लग्नाला गेलो तर कॅलेंडरही बरोबर. दुसऱ्या वर्षापासून फुली तोच मारायचा, स्टुलावर चढून.

शेवटची गोळी फेब्रुवारीत होती. त्यानंतरही पहिल्या वर्षी दर एक-दोन महिन्यांनी सीबीसी, मग अंतर वाढत जातं. हृदयाचा इको अधूनमधून. राहिलेल्या आणि पुन्हा द्यायच्या लसी उपचार संपल्यावर साधारण सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारून सुरू करतात. निळी पिशवी सेंट्रल लाइन, म्हणजे औषधासाठी शिरेत बसवलेली नळी, निघेपर्यंत दारामागेच राहिली. थर्मामीटर अजून आहे. तो शाळेतून तापलेला आला की मी आजही आधी काखेत तो लावते, मग दप्तर उतरवते.